अ‍ॅलेक गिनेस : किंमत आणि मूल्य

१९७६ साली सर अ‍ॅलेक गिनेस यांनी जॉर्ज लुकास या तिशीतल्या अमेरिकन दिग्दर्शकाच्या एका चित्रपटात काम केले. अंतराळात घडणारी ती एक अद्भुतकथा होती आणि तिच्यातील वृद्ध योद्ध्याची भूमिका गिनेस यांच्याकडे आली होती. मानधनाखेरीज चित्रपटाच्या उत्पन्नातील स्वतःच्या वाट्यापैकी काही हिस्सा त्यांना देण्याचे लुकास यांनी मान्य केले. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारास हा हिस्सा थोडा वाढला आणि अखेरीस तो सव्वादोन टक्क्यांवर स्थिरावला. मे १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ पडद्यावर आला. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. साठी ओलांडलेल्या, ऑस्कर आणि ‘सर’ हा किताब या दोहोंचा लाभ वीसेक वर्षांपूर्वीच झालेल्या या नटाला त्या सव्वादोन टक्क्यांनी जेवढे द्रव्य मिळवून दिले, तेवढे आधीच्या चाळीस वर्षांच्या श्रमांनी मिळाले नव्हते. विशेष असे, की चित्रीकरण चालू असताना मित्रमंडळींना लिहिलेल्या पत्रांतून ते याच चित्रपटातील संवादांबद्दल कुरकुर करीत होते. ज्या कामाविषयी त्यांना सर्वांत कमी आदर होता, त्याच कामाने त्यांची सर्वांत मोठी कमाई झाली.

यापूर्वी बरोबर दोनशे वर्षे, १७७६ साली, अ‍ॅडम स्मिथ यांनी आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात नट, विदूषक, गवई आणि नर्तक यांना अनुत्पादक श्रमिकांच्या यादीत बसविले होते. यांचे काम ज्या क्षणी होते त्याच क्षणी नाश पावते, मागे विकण्याजोगी वस्तू उरत नाही, हे त्यामागील कारण. (त्याच यादीत धर्मोपदेशक, वकील, वैद्य आणि विद्वान हेही आहेत, तेव्हा नटांनी फारसे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.) नाट्यगृहापुरता नट जोपर्यंत मर्यादित होता तोपर्यंत स्मिथ यांचे म्हणणे एका अर्थाने खरे होते. चित्रपटाने ते खोटे पाडले. नटाचे क्षणजीवी श्रम फिल्मवर उतरले की ते भांडवल बनते आणि नट हयात असो वा नसो, ते भांडवल व्याज देत राहते. मग हे व्याज कशावर मिळते, कौशल्यावर की नावावर, हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी गिनेस यांच्या चरित्राइतके सोयीचे चरित्र दुसरे क्वचितच सापडेल. त्यांच्या हयातीतच बाजाराने त्यांची किंमत ठरविली होती. परंतु त्यांचे मूल्य निराळ्याच ठिकाणी घडले होते.

नावाचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या स्वतःच्या नावापासूनच आरंभ करावा लागेल. २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला, तेव्हा जन्मदाखल्यातील पित्याच्या नावाचा रकाना कोरा राहिला. तो अखेरपर्यंत कोराच राहिला. आईचे आडनाव कफ. मुलाच्या नावात ‘गिनेस’ कोठून आले याचा उलगडा खुद्द त्यांनाही कधी झाला नाही. मध्यंतरी आईने एका सैनिकी अधिकाऱ्याशी लग्न केले; हा सावत्र बाप तापट आणि हिंसक होता, आणि ते लग्न फार काळ टिकले नाही. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत या मुलाने तीन आडनावे वापरली होती. कोणा अज्ञात हितकर्त्याने फी भरल्यामुळे वसतिगृह असलेल्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. तो हितकर्ता म्हणजे एक स्कॉटिश बँकर असावा आणि तोच त्याचा पिता असावा, असा तर्क पुढे अनेकांनी केला. तर्कापलीकडे त्याला आधार नाही. ज्याला स्वतःचे नाव खात्रीने सांगता येत नव्हते तो मुलगा पुढे दुसऱ्यांची नावे धारण करण्यात निष्णात झाला, ही चरित्रकारांची आवडती संगती आहे. ती जरा जास्तच सोपी आहे. पित्याचे नाव नसलेली मुले लंडनमध्ये त्या वर्षीही पुष्कळ जन्मली असतील. त्या सर्वांचे गिनेस झाले नाहीत.

तेव्हा हे घडले कसे, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. अठराव्या वर्षी गिनेस एका जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्याचे काम करू लागले. पगार आठवड्याला जेमतेम एक पौंड. त्यातूनच ते स्वस्त दरातील तिकीट काढून नाटके पाहत. मार्टिटा हंट या नावाजलेल्या अभिनेत्रीकडे त्यांनी शिकवणी लावली, तेव्हा तुम्ही नट होणार नाही, असे तिने त्यांना सांगून टाकले. (पुढे १९४६ च्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या चित्रपटात गुरू आणि शिष्य दोघेही होते आणि दोघांचीही कामे गाजली.) त्यानंतर फे कॉम्प्टन यांच्या नाट्यशाळेची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. शिष्यवृत्ती मिळाली तरी पोटाचे हाल चुकले नाहीत. शाळेच्या स्पर्धेत परीक्षक होते जॉन गिलगुड. त्यांनी हा सडपातळ, चेहऱ्यात विशेष काही नसलेला तरुण लक्षात ठेवला. तो उपाशी असल्याचे ध्यानात येताच त्यांनी पैसे देऊ केले, ते त्याने अभिमानाने नाकारले. आणि १९३४ साली गिलगुड यांनी आपल्या ‘हॅम्लेट’मध्ये त्याला ऑस्रिकची छोटी भूमिका दिली.

१९३६ साली गिनेस ओल्ड व्हिक या नाट्यगृहात दाखल झाले. लंडनच्या दक्षिण भागात, वॉटर्लू रस्त्यावर उभे असलेले हे नाट्यगृह सामान्य अर्थाने धंदा करणारे नव्हते. दारूच्या गुत्त्यांऐवजी कष्टकऱ्यांना निकोप करमणूक मिळावी म्हणून एमा कॉन्स या समाजसेविकेने एकोणिसाव्या शतकात ते चालवायला घेतले. तिची भाची लिलियन बेलिस हिने त्याला शेक्सपिअरचे घर बनविले. तिकिटे स्वस्त, नटांचे पगार त्याहून स्वस्त. अशा ठिकाणी नटाला श्रीमंत होता येत नाही. परंतु एका हंगामात पाच-सहा निरनिराळ्या भूमिका करता येतात, आज सरदार तर उद्या कबर खणणारा होता येते, आणि पडण्याची मुभा असते. टायरन गथ्री यांनी १९३८ साली आधुनिक पोशाखात सादर केलेल्या ‘हॅम्लेट’मध्ये नायकाची भूमिका त्यांना मिळाली तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते. बाजाराने चोवीस वर्षांच्या अनोळखी तरुणावर ही जोखीम घेतली नसती. ती जोखीम घेणारी संस्था तेथे होती, हाच मुद्दा आहे.

महायुद्धाची वर्षे त्यांनी आरमारात काढली. साधा खलाशी म्हणून ते भरती झाले, पुढे अधिकारी झाले आणि १९४३ च्या सिसिलीवरील स्वारीत सैनिक उतरविणाऱ्या एका नौकेचे ते प्रमुख होते. युद्ध संपल्यावर डेव्हिड लीन यांनी त्यांना चित्रपटात आणले. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील फॅगिनची भूमिका त्यांनी मागितली तेव्हा लीन यांना ती कल्पना हास्यास्पद वाटली होती. रंगभूषा करून चाचणी देऊ द्या, एवढीच विनंती त्यांनी केली. चाचणी पाहून लीन यांचा विरोध मावळला. चौतिशीतला तो तरुण या म्हाताऱ्याच्या देहात पूर्णपणे नाहीसा झाला होता. डिकन्सच्या मूळ पुस्तकातील क्रुकशँक यांच्या चित्रांवरून ती रंगभूषा केली गेली होती आणि त्या चित्रांतील ज्यूद्वेष तिच्याबरोबर जसाच्या तसा पडद्यावर उतरला. छळछावण्यांची दारे उघडून तीनच वर्षे झाली होती. १९४९ साली बर्लिनमध्ये या चित्रपटाविरुद्ध निदर्शने झाली. अमेरिकेत तो १९५१ पर्यंत लागू शकला नाही आणि लागला तोही काटछाट होऊन. नट आपल्या कौशल्याने अदृश्य झाला, तरी त्याच्या मागे जे उभे असते ते अदृश्य होत नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा एकदा, आणि आपल्या अगदी जवळच्या संदर्भात, पाहावी लागणार आहे.

गिनेस यांची खरी टांकसाळ होती ईलिंग. लंडनच्या पश्चिमेकडील उपनगरात मायकेल बाल्कन यांचा हा स्टुडिओ होता. लेखक, दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ तेथे पगारावर काम करीत, एकमेकांची संहिता वाचत, वाद घालत. अंदाजपत्रके लहान असत. ब्रिटिश सरकारने ऑगस्ट १९४७ मध्ये अमेरिकन चित्रपटांवर पंचाहत्तर टक्के कर लादला, हॉलिवूडने चिडून चित्रपट पाठविणेच बंद केले आणि मार्च १९४८ मध्ये तडजोड झाली. पुढे देशी निर्मात्यांसाठी वित्त महामंडळ निघाले, तिकिटांवर उपकर बसवून तो पैसा निर्मितीकडे वळविण्याची योजना आली. या धोरणांचे यशापयश हा स्वतंत्र विषय आहे. त्यांतील काही डाव निर्मात्यांच्या अंगावरही उलटले. तथापि आपल्या प्रेक्षकांसाठी आपल्या भाषेत, आपल्या गल्लीबोळांचे चित्रपट निघाले पाहिजेत, असा विचार त्यामागे होता, हे नाकारता येणार नाही.

१९४९ च्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ या चित्रपटात एका उमराव घराण्यातील आठ जण गिनेस यांनी रंगविले. मूळ प्रस्ताव चार भूमिकांचा होता. चारच का, आठही द्या, असे त्यांनीच सुचविले. त्या आठांत पाद्री आहे, सेनानी आहे, आरमारी अधिकारी आहे, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणारी एक बाईही आहे. एका दृश्यात यांपैकी सहा जण एकत्र दिसतात. कॅमेरा जागचा न हलविता त्याच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रीकरण करून ते साधले गेले. आठ भूमिका करणे ही तशी बहुरूप्याची करामत आहे आणि करामतीवर प्रेक्षक पैसे उधळतोच. त्यापेक्षा अवघड काम १९५१ साली आलेल्या दोन चित्रपटांत आहे.

त्यांपैकी ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ या चित्रपटाचा नायक बँकेतील कारकून आहे. सोन्याच्या विटा गाडीतून पोचत्या करण्याच्या कामावर देखरेख करीत त्याने वीस वर्षे घालविली आहेत. वरिष्ठांच्या मते तो प्रामाणिक आहे, कारण त्याच्यात कल्पनाशक्ती नाही. हाच कारकून एके दिवशी ते सोने पळवितो आणि वितळवून आयफेल मनोऱ्याच्या खेळण्यांच्या रूपात फ्रान्सला पाठवून देतो. गिनेस यांनी या माणसाला एक किंचित बोबडा उच्चार दिला, बाकी काहीच दिले नाही. डोळ्यांत मात्र वीस वर्षे साठविलेला हिशेब होता. रोज दुसऱ्याच्या पैशाची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या कोणत्याही माणसाला हा कारकून परका वाटू नये. या भूमिकेसाठी ऑस्करच्या नामांकनात त्यांचे नाव आले.

दुसरा चित्रपट ‘द मॅन इन द व्हाइट सूट’. हा अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावा. उत्तर इंग्लंडमधील कापडगिरणीत काम करणारा एक रसायनज्ञ असा धागा शोधून काढतो, की ज्याचे कापड कधी झिजत नाही आणि मळतही नाही. जगावर उपकार झाले, असे त्याला वाटते. गिरणीमालकांना वाटते, एकदा कापड विकले की पुन्हा गिऱ्हाईक फिरकणार नाही, भाव कोसळतील. कामगारांना वाटते, सहा महिन्यांत गिरण्या बंद पडतील. मग जन्माचे वैरी असलेले मालक आणि कामगार हातात हात घालून त्या शुभ्र पोशाखातल्या माणसामागे रात्रीच्या अंधारात धावत सुटतात. त्याला कोणीही आसरा देत नाही. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी त्याची म्हातारी घरमालकीणच त्याला विचारते, धुणेच उरले नाही तर माझे कसे व्हायचे? शास्त्रज्ञापाशी याचे उत्तर नसते. गिनेस यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते ते पश्चात्ताप नव्हे, खेदही नव्हे. हा प्रश्न आपल्याला आजवर सुचलाच नव्हता, याचे निव्वळ आश्चर्य आहे. तांत्रिक प्रगती आणि बेकारी यांवर लिहिल्या गेलेल्या कित्येक प्रबंधांहून ते अर्धे मिनिट अधिक सांगून जाते. त्या काळात लँकेशायरचा कापडधंदा आशियातील स्वस्त मालापुढे उतरणीला लागला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या विनोदाची धार कळते.

ईलिंगचे ते घर फार दिवस टिकले नाही. १९५५ साली स्टुडिओची जागा बीबीसीला विकली गेली. गिनेस मात्र पुढे गेले. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ने १९५७ साली त्यांना जगापुढे आणले. जपान्यांच्या कैदेत असूनही शत्रूसाठी उत्तम पूल बांधण्यात धन्यता मानणारा कर्नल निकल्सन त्यांनी उभा केला. कोंडीतून बाहेर आलेला कर्नल लटपटत्या पायांनी, पण ताठ मानेने छावणी ओलांडतो. ती चाल त्यांनी पोलिओतून सावरणाऱ्या आपल्या मुलाच्या चालण्यावरून घेतली होती. सर्वोत्कृष्ट नटाचे ऑस्कर त्यांना याच भूमिकेसाठी मिळाले, आणि १९५९ साली ‘सर’ हा किताब. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे मात्र संमिश्र होती. ‘ट्यून्स ऑफ ग्लोरी’मधील दारुडा, दंगेखोर अधिकारी उत्तम, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तील राजपुत्र फैसल लक्षात राहण्याजोगा, बाकी पुष्कळसे काम एका प्रतिष्ठित नावाचे भाडे म्हणता येईल असे.

येथेच ‘स्टार वॉर्स’ आला. गिनेस यांनी आपली कला विकली, असे म्हणण्याची एक पद्धत आहे. ती अन्यायकारक आहे. भूमिका त्यांनी मन लावून केली. पोरकट संवादांना त्यांच्या आवाजाने जे वजन दिले त्यामुळेच तो खेळ खरा वाटला. त्यांचा त्रागा होता तो नंतर आलेल्या पुराचा. हा चित्रपट शंभराहून अधिक वेळा पाहिल्याचे सांगणारा एक लहान मुलगा त्यांच्याकडे सही मागायला आला, तेव्हा तो पुन्हा कधीही पाहणार नाहीस असे वचन दे, अशी अट त्यांनी घातली. मुलगा रडू लागला आणि त्याची आई संतापली. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. या प्रसंगात सहानुभूती मुलाकडे जाते, हे मान्य केले पाहिजे. त्याच चित्रपटाच्या पैशाने गिनेस यांना मनाजोगते काम निवडण्याची आणि नको ते नाकारण्याची मोकळीक दिली होती. बाजाराने दिलेल्या पैशावर बाजाराबाहेरचे काम उभे राहते, हा अनुभव कलेच्या इतिहासात नवा नाही.

ते बाजाराबाहेरचे काम १९७९ साली आले. जॉन ल कॅरे यांच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या कादंबरीवर बीबीसीने सात भागांची मालिका काढली आणि पासष्ट वर्षांचे गिनेस छोट्या पडद्यावर प्रथमच एवढ्या मोठ्या भूमिकेत उतरले. जॉर्ज स्मायली हा गुप्तहेरखात्यातून काढून टाकलेला, जाड चष्म्याचा, बायकोने फसविलेला, लठ्ठ प्रौढ गृहस्थ. आपल्याच सहकाऱ्यांतील फितूर शोधण्याचे काम त्याच्यावर सोपविले जाते. भूमिकेच्या तयारीसाठी गिनेस यांनी एखादा खराखुरा हेर पाहण्याची इच्छा व्यक्त केली. ल कॅरे यांनी गुप्तहेरखात्याचे निवृत्त प्रमुख सर मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी जेवणाच्या निमित्ताने गाठ घालून दिली. ओल्डफील्ड काय बोलले याहून त्यांच्या बाह्यांची बटणे, पायांतले बूट आणि हातातली छत्री यांवर गिनेस यांचे लक्ष होते.

मालिकेत बहुतेक वेळ दोन माणसे एका खोलीत बसून बोलतात. त्यातही स्मायली कमी बोलतो. समोरचा बोलत असताना तो ऐकतो आणि चष्मा पुसतो. ऐकणे हा अभिनय असू शकतो, हे यापूर्वी इतक्या विस्ताराने कोणी दाखविले नव्हते. कथानकाचा पत्ता लागत नाही, अशी थट्टाही झाली. तरी लोक पाहत राहिले. त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात खाजगी दूरचित्रवाणीच्या कर्मचाऱ्यांचा संप होता आणि स्पर्धक वाहिनी बंद होती, ही गोष्टही हिशेबात धरावी लागते. परंतु प्रेक्षक केवळ नाइलाजाने बसला असता, तर १९८२ साली ‘स्मायलीज पीपल’ हा पुढचा भाग निघाला नसता. दोन्ही वेळा उत्कृष्ट नटाचा बाफ्टा पुरस्कार गिनेस यांना मिळाला. गिनेस यांचा आवाज कानांत बसल्यामुळे आपला स्मायली आपल्यापासून हिरावला गेल्याचे ल कॅरे सांगत. जाहिरातदाराला दर काही मिनिटांनी प्रेक्षक हवा असतो. परवाना शुल्कावर चालणाऱ्या संस्थेला निदान त्या काळी तशी घाई नव्हती. त्या शांततेचा खर्च प्रत्येक ब्रिटिश कुटुंबाने थोडा थोडा उचलला होता.

यानंतर दोनच वर्षांनी, १९८४ साली, मराठी वाचकाला अस्वस्थ करणारी भूमिका आली. डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या चित्रपटात गिनेस प्राध्यापक नारायण गोडबोले झाले. मूळ कादंबरी ई. एम. फॉर्स्टर यांची, १९२४ सालची. तिच्यातील गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण आहेत आणि ते नाव निव्वळ योगायोगाने आलेले नाही. फॉर्स्टर यांचा भारताशी जवळून परिचय झाला तो मराठी राज्यकर्त्यांच्या संस्थानात. १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचे ते खाजगी चिटणीस होते आणि तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. कादंबरीच्या अखेरच्या भागात गोडबोले कृष्णजन्माच्या उत्सवात भजन करतात, नाचतात, आणि तेथे नाव घेतले जाते ते तुकारामांचे. इंग्रजी कादंबरीच्या गाभाऱ्यात तुकोबा येऊन उभे राहतात, ही घटना लहान नाही.

चित्रपटात गोडबोले आहेत, पण ते भजन नाही. गिनेस यांनी तालीम केलेला नाचाचा भाग अंतिम चित्रपटात आला नाही आणि त्यावरून ते लीन यांच्यावर नाराज झाले. चाळीस वर्षांत दोघांनी मिळून केलेला हा सहावा चित्रपट शेवटचाच ठरला. परंतु नाच राहिला असता तरी दोष राहिलाच असता. चेहऱ्याला तपकिरी रंग, डोक्याला पागोटे, गूढ स्मित आणि काहीही केले तरी परिणाम एकच, असे प्रारब्धवादी बोलणे. गोडबोले येथे माणूस राहत नाहीत, इंग्रजांच्या मनातील ‘पौर्वात्य’ होतात. अनेक समीक्षकांना त्या वेळीही हे खटकले होते. स्मायलीसाठी गिनेस यांनी एका माणसाचे बूट पाहिले होते. या भूमिकेत कोणाच्याही वहाणा पाहिल्याच्या खुणा दिसत नाहीत. जे निरीक्षण त्यांच्या कलेचा पाया होते तेच येथे हरवले आणि उरली ती रंगभूषा.

हा दोष एकट्या नटाचा नाही. याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ होते. दोन वर्षे आधी रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’त डॉ. श्रीराम लागू यांनी गोपाळ कृष्ण गोखले रंगविले होते, आणि कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला होता. खुद्द गांधींच्या भूमिकेतील बेन किंग्जले यांचे मूळ नाव कृष्णा भानजी. तेव्हा गोडबोल्यांसाठी योग्य नट उपलब्ध नव्हता, असे म्हणायला जागा नाही. लागू यांच्यासारखा नट ज्या भाषेत होता त्या भाषेतील एक प्राध्यापक पडद्यावर आणताना ती भाषा बोलणाऱ्याचा विचार झाला नाही. कारण निर्मितीच्या हिशेबात ‘सर अ‍ॅलेक गिनेस’ हे नाव भांडवल होते आणि लीन यांना ते शुभशकुन वाटत होते. फॅगिनच्या वेळी अनोळखी तरुणाने चाचणी देऊन भूमिका जिंकली होती. गोडबोल्यांच्या वेळी चाचणीची गरजच उरली नाही. कौशल्याच्या जागी नाव आले, की उत्तम नटाच्या हातूनही असे काम होते.

गिनेस यांची अखेरची वर्षे हॅम्पशरमधील खेड्यात, पत्नीच्या सहवासात, वाचनात आणि रोजनिशी लिहिण्यात गेली. ‘स्टार वॉर्स’संबंधीची पत्रे ते न वाचताच फेकून देत. ५ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले. जगभरच्या पुष्कळशा वृत्तपत्रांनी मथळ्यात त्याच चित्रपटाचे नाव घातले. ते स्वाभाविकच होते.

परंतु ज्या पायऱ्यांवरून हा माणूस चढला त्या आज कोणत्या अवस्थेत आहेत, याची चर्चा ब्रिटनमध्ये अलीकडच्या काळात वारंवार होते आहे. गावोगावच्या नाटकमंडळ्या घटल्या, नाट्यशाळांची फी वाढली, स्थानिक संस्थांची अनुदाने आटली. कामगारांच्या घरांतील मुले आता या व्यवसायात येताना दिसत नाहीत आणि नावारूपाला येणारे बहुतेक तरुण नट महागड्या शाळांतले असतात, अशी खंत जूली वॉल्टर्स यांच्यासारख्या अभिनेत्रीने जाहीरपणे व्यक्त केली आहे. जाहिरातीचा मजकूर लिहून आठवड्याला एक पौंड मिळविणाऱ्या मुलाला आज लंडनमध्ये कोठे राहता येईल, हाही प्रश्नच आहे. बीबीसीचे परवाना शुल्क सरकारने २०२२ च्या जानेवारीत दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठविले. त्याच वर्षी ब्रिटनमधील महागाई वाढीचा दर अकरा टक्क्यांवर गेला. संस्थेची २०१७ साली लागू झालेली सनद २०२७ अखेरपर्यंतची आहे आणि त्यानंतर शुल्काची पद्धत ठेवावी की वर्गणी आणि जाहिराती यांच्याकडे वळावे, यावर तेथील राजकीय पक्षांत एकमत नाही. एक लठ्ठ, प्रौढ माणूस खोलीत बसून दुसऱ्याचे बोलणे ऐकतो आहे, अशी सात भागांची मालिका १९७९ साली बीबीसीने काढली होती. वर्गणीदार मोजणाऱ्या कंपनीच्या दारात अशा मालिकेला कोणते उत्तर मिळेल, हे त्या चर्चेत अद्याप कोणी विचारलेले दिसत नाही.